डाव्या बाजूचं मडगार्ड

दुर्ग,
२३ नोव्हेंबर १९५८

कमल,

आधीच्या चार पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. हे पाचवं. ताराच्या पत्त्यावरच टाकतोय. तुझ्या मैत्रिणीवर माझा अजून भरवसा आहे, तुझ्यावर नाही. फाडायचं असेल तर फाड, पण त्याआधी एक ओळ वाच. तुमची मोटर इथे आली आहे.

इथे म्हणजे दुर्ग-भिलाई रस्त्यावर, फकिरा मिस्त्रींच्या गॅरेजात. मी ऑगस्टपासून तिथे पत्रा ठोकतो आणि मामांच्या रेल्वे क्वार्टरच्या ओसरीवर झोपतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातून उठून आलेला म्हणून मला सगळे 'कॉलेजवाला' म्हणतात. त्यात कौतुक नसतं.

मंगळवारी गुलाबराव ठेकेदाराच्या ट्रकमागे साखळीने बांधून एक काळी मोटर आली. समोरून डावीकडे पार चेपलेली. डाव्या बाजूचं मडगार्ड कागदासारखं दुमडलेलं, बोनेटचा डावा पाखा वर आलेला, रेडिएटरचं कवच वाकडं. मी म्हटलं, असल्या १९३४च्या मोटारी नागपुरात चार-सहा तरी असतील. मग दार उघडून डावी सीट पाहिली. तुझ्या आईने हिरव्या दोऱ्याने घातलेले टाके होते. मी दार लावलं आणि पाना शोधायला गेलो. पाना हातातच होता.

अण्णासाहेबांनी मोटर नागपुरातल्या दलालाला विकली आणि त्याने ठेकेदाराला, एवढंच इथे ठाऊक आहे. ती कशी आपटली, कोणी आपटली, हे कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ठेकेदाराला ती भिलाईच्या पोलाद कारखान्याची भट्टी पेटायच्या आत तयार हवी. म्हणाला, "मिस्त्री, मोठेमोठे लोक येऊन राहिले. गाडी समोरून राजावानी दिसली पाह्यजे. मागून कोन पाह्यते?"

तुझा पाय कसा आहे हे विचारायचा मला हक्क नाही असं तू म्हणशील. तरी विचारतो. आणि एक गोष्ट पुन्हा सांगतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णासाहेबांना तू म्हणालीस, "मीच चालवत होते, स्टेअरिंग अडकलं." तसं बोल असं मी तुला सांगितलं नव्हतं. तू आपण होऊन बोललीस. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, तुम्ही त्या रस्त्याने जात होतात म्हणून मुलगी वाचली. मी काय बोलणार होतो तेव्हा? तूच सांग.

केवल

दुर्ग,
७ डिसेंबर १९५८

कमल,

तुझं कार्ड आलं. नऊ महिन्यांनी चार ओळी: "पत्र पोचले. मोटरची पुढची बाजू कशी बसवतात ते सविस्तर लिहावे. स्टेअरिंग उघडल्यावर काय दोष निघाला तो मिस्त्रीच्या सहीने कळवावा, अण्णांना दाखवायचा आहे. दुसरे काही लिहू नये." लिहावे, कळवावा, लिहू नये. वकिलाची मुलगी आहेस हे कळलं. खाली सही नाही, वर माझं नाव नाही. पण अक्षर तुझं आहे, 'ळ' अजून तसाच पोट सुटलेला काढतेस.

कडेला ताराने मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय ते नसतं तर मला काही कळलं नसतं. अण्णासाहेबांचा स्टेअरिंगवर विश्वासच नाही म्हणे. वर म्हणतात, बायकांच्या हातात गेलं की अडकतंच. आधी चोरून मोटर नेली आणि मग खोटं बोलली, अशा मुलीला कॉलेज कशाला? दोष मोटरचा होता असं कोणा जाणत्याने लिहून दिलं तर जूनमध्ये तुझा फॉर्म भरतील.

बरं. सविस्तर लिहितो. मामीला वाटतंय मी नोकरीचे अर्ज खरडतोय. दर रविवारी एवढे अर्ज म्हणजे भाचा साहेब होणार.

पुढची बाजू पुढून बसवायला घ्यायची नसते. हे पहिलं शिकलो. मिस्त्रींनी आधी मागची दारं बघितली, मग पुढची. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या असतील तरच पुढे हात लावायचा, कारण दाराच्या कडेवरून बोनेटची रेघ निघते आणि बोनेटवरून मडगार्डची. मागे चुकलं तर पुढे कितीही नटवलं तरी तिरपंच दिसतं.

मग चासी. सगळा पत्रा उतरवून नुसता सांगाडा उघडा केला आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली, एक इकडून, एक तिकडून. दोन्ही सुतळ्या सारख्या भरायला हव्यात. एक सुतळी दोन बोटं कमी भरली. मी म्हटलं, कर्ण सारखे नाहीत. मिस्त्री म्हणाले, "वा रे कॉलेजवाल्या, आमच्याकडे याले वाकडं म्हणतात." डावं टोक मागे दाबलं गेलं होतं. तीन दिवस कोळशाची भट्टी लावून, जॅक लावून ते पुढे आणलं. एकदम नाही. थोडं तापवायचं, थोडं रेटायचं, थांबायचं. मला थांबणं जमत नाही हे तुला माहीत आहे.

फटी मोजायला मिस्त्रींकडे फुटपट्टी नाही. पोस्टकार्डाची चार पदरी घडी करतात. ती घडी फटीतून अडखळत पण न फाटता सरकली की फट बरोबर. त्यांची जुनी घडी तेलाने मऊ पडली होती. म्हणाले, कार्ड हाय का रे? माझ्या खिशात एकच कार्ड होतं. ते एकदा उलटून पाहिलं. मग दिलं. म्हणजे तुझं 'लिहू नये' आता तुमच्याच मोटरच्या फटींतून फिरतंय.

इथली एक रीत पण लिहून ठेवतो. पुढची बाजू पूर्ण झाली की पहिला फेरा मिस्त्री मारतात, आणि ज्याने पत्रा बसवला त्याने शेजारी, डाव्या सीटवर, हात मांडीवर ठेवून बसायचं. काय खडखडतं, कुठून, ते त्याने ऐकायचं. बसवणाराच बसणार, दुसरा कोणी नाही. मला अजून ती पाळी आलेली नाही.

स्टेअरिंग अजून उघडलेलं नाही.

केवल

दुर्ग,
२१ डिसेंबर १९५८

कमल,

आज मी काम बिघडवलं, तेच आधी लिहितो.

रेडिएटरचं कवच बसलं. त्याला खालून पॅकिंग देतात. कवचाचं डोकं उजवीकडे कलवायचं तर डाव्या पायाखाली एक कातडी चकती जास्त घालायची. एका चकतीने वरचा कोपरा बोटभर हलतो. मग बोनेट ठेवलं. दोन्ही पाख्यांच्या मागच्या फटीतून तुझं कार्ड फिरवलं. उजवीकडे गेलं, डावीकडे वर गेलं, खाली अडकलं. मिस्त्री म्हणाले, राहू दे, मडगार्ड लागल्यावर बघू, सगळं एकमेकाला धरून असतं. त्यांचा नियम असा की कुठलाही बोल्ट शेवटपर्यंत आवळायचा नाही. सगळे बोटाने बसतील एवढेच. मडगार्ड, कवच, बोनेट, सगळं सैल लटकू द्यायचं, हलवून बघायचं, आणि मग अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे.

डाव्या बाजूचं मडगार्ड मी स्वतः सरळ केलं होतं. पंधरा दिवस. आतून लाकडी ठोकळा, बाहेरून हातोडी, आणि प्रत्येक सुरकुती बोटाने चाचपून. त्या पत्र्याची एकेक घडी मला पाठ आहे. ते मी लावलं, आणि चारही बोल्ट एकामागून एक आवळत गेलो. पूर्ण. दोन्ही हातांनी पाना ओढून. मग बोनेटचा पाखा खाली टाकला. त्याची कड मागच्या पत्र्यात रुतली आणि बोनेटला टाचेएवढी मुरड पडली.

मिस्त्री ओरडले असते तर बरं झालं असतं, मला उलटून बोलता आलं असतं. त्यांनी मुरडीवरून अंगठा फिरवला. "कोनावरचा राग होता?" मी म्हटलं, कोणावरचा नाही. "मंग बोल्टानं काय केलं तुझं? सोड सगळे. माह्यासमोर सोड."

सगळे सोडले. कवचाचेसुद्धा. दोन आठवड्यांचं काम पुन्हा सैल होऊन लटकतंय.

राग का आला होता ते विचारू नकोस. तू विचारणारच नाहीस म्हणा, दुसरं काही लिहायचं नाही ना. स्टेअरिंगचं पुढच्या पत्रात.

केवल

दुर्ग,
४ जानेवारी १९५९

कमल,

सोबत मिस्त्रींचा कागद आहे. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मजकूर माझ्या हातचा आणि खाली त्यांचा डाव्या हाताचा अंगठा. "सदर मोटरचे स्टेअरिंग उघडले असता आतील दात झिजलेला व तुटलेला आढळला. त्यामुळे चाक अडकणे शक्य आहे." अण्णासाहेबांना दाखव. अंगठा बघून नाक मुरडतील, पण इथे रशियन साहेबांच्या गाड्याही याच अंगठ्याखालून जातात, हे त्यांना सांग.

तुझं म्हणणं खरं ठरलं. जूनमध्ये फॉर्म भर. प्राणिशास्त्राचं मागचं वर्ष पुन्हा करावं लागेल, पण मागच्या वर्षीच्या वह्या ताराकडे असतील.

मी पण येईन म्हणतो नागपूरला. कॉलेजात नाही, मला आता कोण घेतं. पण येईन. तुला बघायला आलेले अमरावतीचे ते लोक पाय बघून परत गेले असं मामांच्या एका ओळखीच्या गार्डकडून कळलं. त्यांना पायच दिसला! मला ते कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, कमल, खोटं कशाला बोलू. मी अण्णासाहेबांसमोर येऊन बसेन आणि सरळ विचारेन. माझा हात त्यांनी एकदा धरलाच आहे.

मडगार्ड पुन्हा बसतंय. बोनेटची मुरड काढली, बघितल्यावर दिसत नाही. बोटाला लागते.

तुझाच,
केवल

दुर्ग,
१८ जानेवारी १९५९

कमल,

तुझं दुसरं कार्ड गुरुवारी आलं. यावर माझं नाव आहे. "केवल, अण्णांनी कागद दोनदा वाचला. संध्याकाळी ताराच्या वडिलांना म्हणाले, जूनमध्ये मुलीचा फॉर्म भरायचा आहे. मी तुझ्यावर मनात शंका घेतली होती. इतके महिने घेतली. क्षमा कर. काठीशिवाय आता अंगणापर्यंत जाते."

हे कार्ड मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. कोणी मला पाहिलं असतं तर म्हणालं असतं, पोरगा खुशीत आहे.

काल मोटर पूर्ण झाली. सगळे बोल्ट अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने आवळले, मिस्त्री उजवीकडून, मी डावीकडून, एकमेकांकडे बघत. घडी केलेलं कार्ड सगळीकडून सरकलं. एकाच ठिकाणी, डाव्या पाख्याच्या खालच्या कोपऱ्यात, जरा धरतं. मिस्त्री म्हणाले, राहू दे, इतकं तिले आठवू दे. मग चावी घेतली आणि मान हलवून मला डावीकडे बस म्हणाले.

हिरवे टाके माझ्या मांडीखाली होते. हात मांडीवर ठेवले. सुपेला गावाच्या पुढे कारखान्याकडे जाणारा रस्ता अजून कच्चा आहे, दोन्ही बाजूंची झाडं तोडून टाकलीत, मैलभर नुसती लाल माती आणि लोखंड. तिथे मिस्त्रींनी वेग घेतला. मला काही खडखडाट ऐकू आला नाही. मी समोर बघत होतो. त्या जागेवरून डावं मडगार्ड कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. उजवीकडे बसलेल्याला त्याची नुसती कड दिसते. डावीकडे बसलं की ते सबंध दिसतं, गोल, काळं, अगदी समोर, आणि रस्त्याच्या कडेचं जे काही असेल ते आधी त्याच्यावर येतं आणि मग आपल्यावर. त्या झाडांपैकी तोडायचा राहिलेला एक मोह होता. लांब होता. मिस्त्री त्याच्या जवळपासही जात नव्हते. पण तो मडगार्डवर मोठा होत गेला आणि माझे पाय आपोआप पुढच्या पत्र्याला रेटले गेले, तिथे ब्रेक नसताना.

मी म्हटलं, थांबवा.

त्यांना वाटलं काही ऐकू आलं. उतरून बोनेट उघडायला गेले. मी तिथेच, भर रस्त्यात, सगळं सांगून टाकलं.

आता तुला सांगतो. स्टेअरिंग १७ डिसेंबरलाच उघडलं होतं. आत ग्रीस लोण्यासारखं होतं आणि एकही दात झिजलेला नव्हता. मिस्त्रींनी पुढच्या डाव्या चाकाची वाकलेली कड दाखवली होती. "धडकली तवा चाक सरळ होतं पाह्य. अडकलंबी नाई, कोनी फिरवलंबी नाई. चालवनारा प्यालेला असंल, नाई त पागल." मडगार्डच्या चारही बोल्टांवर मी तो राग काढला.

मी प्यालेला नव्हतो. कामठी रोडवर तू म्हणालीस की अमरावतीचे लोक रविवारी येणार आणि अण्णा म्हणतात तर तू पाटावर बसशील. एवढं बोलून तू खिडकीबाहेर बघायला लागलीस, जणू विषय संपला. समोर डावीकडे चिंच होती. मी चाक तिच्यावर धरलं आणि पाय दाबला. तुला घाबरवायचं होतं. तू किंचाळशील, माझा हात धरशील, आणि मग मी वळवेन, असं होतं माझ्या डोक्यात. तू बाहेरच बघत राहिलीस. तुला कळलंच नाही. आणि माझे हात वळले नाहीत. का वळले नाहीत हे मी अकरा महिने स्वतःला विचारतोय. धडकल्यावर माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो "अडकलं". तू तो खरा धरलास आणि माझ्यासाठी अण्णासाहेबांशी खोटं बोललीस, कारण तुला वाटलं, दोष कोणाचाच नाही.

तो कागद खोटा आहे. मिस्त्रींनी विचारलं होतं, काय लिहिलं वाच. मी वाचून दाखवलं, "स्टेअरिंग तपासले, चांगले आहे." आणि लिहिलं होतं दुसरंच. त्यांनी विश्वासाने अंगठा उठवला.

हे ऐकून मिस्त्री मडगार्डला टेकून उभे राहिले. म्हणाले, "मंग मीबी खोटा झालो ना बाप्पा, तुह्यासंग." एवढंच. शिवी दिली नाही. परत येताना त्यांनी मला पुन्हा डावीकडेच बसवलं. गॅरेजात आल्यावर म्हणाले, कागद आन. या वेळी मामांना बोलावलं, त्यांच्याकडून वाचून घेतलं, आणि मग अंगठा दिला. मामीला आता कळलंय की अर्ज नव्हते ते. तिने मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

या पाकिटात तीन गोष्टी आहेत. मिस्त्रींचा खरा कागद. अण्णासाहेबांच्या नावाचं माझं पत्र, त्यात वर लिहिलेलं सगळं आहे, माझ्या पूर्ण नावाने आणि सहीने. ते आधी मी सरळ त्यांनाच रजिस्टरने टाकणार होतो, पाकिटावर पत्ताही घातला होता. मग लक्षात आलं की मी पुन्हा तुला न विचारता चाक धरतोय. तो कागद खोटा ठरला की तू मला पाठीशी घातलंस हेही उघडं पडणार, आणि जूनचा फॉर्म त्यांच्या हातात आहे. तेव्हा पत्र चिकटवलेलं नाही. द्यायचं, जूननंतर द्यायचं, की चुलीत घालायचं, ते तू ठरव. मला कळवू नकोस. चुलीत घातलंस तर मी सुटलो असं होणार नाही. दिलंस आणि त्यांनी पोलिसात दिलं तर मी याच गॅरेजात सापडेन.

नागपूरला येणार नाही. मागच्या पत्रात जे लिहिलं, त्यांच्यासमोर बसण्याचं, हात धरण्याचं, ते खोडून टाक.

उद्या ठेकेदार गाडी न्यायला येईल. समोरून राजावानी दिसते. डाव्या कोपऱ्यातली ती फट त्याला दिसणार नाही.

तिसरी गोष्ट तुझं कालपरवाचं कार्ड आहे, माझं नाव असलेलं. ते परत पाठवतोय. त्यातली क्षमा तू दुसऱ्याच कोणाची मागितलीस, तो माणूस त्या मोटरीत नव्हता. पहिलं कार्ड मात्र मला ठेवू दे. तेलाने काळं झालंय, चार घड्यांवर फाटायला आलंय, त्यावरचं आता एवढंच वाचता येतं: "दुसरे काही लिहू नये."

केवलराम